उजवा कौल

पिंगळे सर आयुष्यात कधी 'मी ठरवलं' असं म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, 'ठरलं आहे.' कोणी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच कोणी, तर सर हनुवटी जराशी उचलून छताकडे बघायचे. छताला पंखा होता. पण आपण समजून घ्यायचं की ते पंख्याच्याही वर बघताहेत.

मला त्यांचा राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर 'सुनंदाताई, जरा जास्तच झालं हं' असं कोणी म्हणायला नको. ते आता नाशकाला मुलाकडे असतात, ऐंशी ओलांडली आहे, तब्येत ठणठणीत आहे असं ऐकते. असू दे बापडी. मी काही त्यांच्या तब्येतीवर डोळा ठेवून बसलेली नाही.

ते आम्हाला नववीत इतिहास शिकवायचे. शाळा हिंदी माध्यमाची. माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले, सर सावंतवाडीकडून आलेले, आणि वर्गात मराठी म्हणून आम्ही तिघीच. सरांचा सगळ्यात आवडता धडा युरोपातल्या राजांचा. राजाला सत्ता थेट ईश्वराने दिलेली असते, त्यामुळे राजा उत्तर देणार ते ईश्वराला, प्रजेला नाही. राजाला विरोध केला की ते नुसतं बंड नसतं, पाप असतं. पुस्तकात हे दीड पान होतं. सर ते दोन आठवडे शिकवायचे. राज्याभिषेकाच्या वेळी राजाला पवित्र तेल कसं लावायचे, ते स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून दाखवायचे. राजाचा हात लागला की रोग बरा होतो, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा होती, हे सांगताना त्यांचा आवाज एकदम हळू व्हायचा. मग म्हणायचे, आपल्याकडेही राजाला विष्णूचा अंश मानतच होते की. कुठले राजे सूर्याला बाप म्हणायचे, कुठले विष्णूला. सगळीकडच्या शहाण्या माणसांना एकच गोष्ट कळली होती.

त्याच्या पुढचा धडा होता, त्याच राजांपैकी एकाला प्रजेने धरलं, खटला चालवला आणि मुंडकं उडवलं, त्याचा. तो आला की सर पुस्तक मिटून म्हणायचे, "ये आप लोग घर पर पढ़ लीजिए."

एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, राजाला राजा कोण बनवतं? शबाना नावाची माझ्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, लोग बनाते हैं सर, लोग मानना छोड़ दें तो वो काहे का राजा. सरांनी तिला मारलं नाही. ते कधीच कोणाला मारायचे नाहीत. त्यांनी तिला बाकावर उभं केलं आणि तासभर तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. पुढे वर्षभर तिचा हात वर दिसला तरी त्यांनी तिला विचारलं नाही. आणि मी काय केलं? मी परीक्षेत 'ईश्वर' लिहिलं आणि दहापैकी नऊ मार्क घेतले.

लग्नानंतर मी भोपाळातच अवधपुरीत राहायला आले तर दोन गल्ल्या सोडून पिंगळे सर. निवृत्त झालेले, तोच पांढरा शर्ट, तीच वर केलेली हनुवटी. पंचविशीतली बाई मी, नोकरी करणारी, आणि रस्त्यात ओढणी सारखी करून 'नमस्ते सर' म्हणाले.

त्यांच्या सवयी सांगते. ते स्वतःच्या हाताने फाटक उघडायचे नाहीत. फाटकासमोर उभे राहायचे, मग आतून कोणीतरी धावत यायचं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे नाहीत. आणि कोणाचे आभार मानायचे नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी करोंद मंडीतून महाप्रसादाच्या तांदळाची पोती उन्हातान्हात आणा, की ते म्हणणार, "देव तुमचं बघेल." सुरुवातीला हे मला आशीर्वादासारखं वाटायचं. पुढे पुढे लक्षात आलं की आभार मानले तर आपण दुसऱ्याचं काही देणं लागतो, आणि सर कोणाचंच काही देणं लागत नव्हते.

आमच्या वसाहतीतली मराठी माणसं म्हणजे बहुतेक वीजयंत्रांच्या सरकारी कारखान्यातली. कोणी पुण्याकडचा इंजिनिअर, कोणी अमरावतीचा टेक्निशियन, कोणी आमच्यासारखे सरकारी कचेऱ्यांतले. सगळ्यांनी मिळून मंडळ काढलं, एक सभागृह बांधलं, त्याला लागून गणपतीचं छोटं देऊळ. जयपूरहून संगमरवरी मूर्ती आणली. पहिला अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा भांडणं लागली. पुणेवाले एकीकडे, विदर्भवाले एकीकडे. तेव्हा सर उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या गावी अशा वेळी देवाला कौल लावतात.

कौल म्हणजे असं: फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, माणसं श्रद्धेने लावतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या मंडळात सरांखेरीज कोकणातलं कोणीच नव्हतं. आम्ही सगळी गाव सोडून आलेली माणसं. प्रत्येकाला मनातून वाटायचं की आपण रीतीभाती विसरलो, समोरच्याला नीट माहीत आहेत. कोणी ठामपणे 'आमच्याकडे असंच असतं' म्हटलं की आम्ही लगेच मान डोलवायची. तशी सगळ्यांनी डोलवली. ज्यांची हयात मशीनच्या भागांची मापं तपासण्यात गेली, त्या इंजिनिअरांनीही डोलवली.

सरांनी सोवळं नेसून प्रश्न विचारला, 'पिंगळ्याने ही सेवा करावी का?' उजवी पाकळी पडली. सर अध्यक्ष झाले. ते अकरा वर्षं होते आणि दर वर्षी उजवीच पडली.

मग सगळंच कौलाने ठरायला लागलं. पडद्याचा रंग, आरती कोणी आधी म्हणायची, नाटक करायचं की भजन. आम्ही विदर्भातल्या बायका मोदक तळणीचे करतो. सरांनी देवाला विचारलं, नैवेद्याला उकडीचेच असावेत का? देव हो म्हणाला. तेव्हापासून आम्ही दर चतुर्थीला फुटलेल्या उकडीशी झटापट करत बसायचो आणि फुटलेले मोदक घरी नेऊन मुकाट खायचो. माझे यजमान म्हणायचे, अगं, देवाला तळलेलं चालत नाही हे देवालाही आत्ताच कळलं असेल. पण हे घरात. सभागृहात तेही हात जोडून उभे.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. देव उत्तर द्यायचा, पण प्रश्न सर ठरवायचे.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी, नाहीतर कुसुमताई मला रागावेल. कुसुम ढवळे. तिचे यजमान कारखान्यात टेक्निशियन होते. ते गेले त्या आजारपणात सर आठ दिवस रोज दवाखान्यात जाऊन बसत होते. पुढे कारखान्याचं क्वार्टर सोडायची वेळ आली. मूलबाळ नाही, माहेरी अमरावतीला भावाचं दोन खोल्यांचं घर. तेव्हा सभागृहामागची खोली तिला द्यावी, तिने देवळाची झाडलोट आणि पूजेची तयारी बघावी, असा विषय निघाला. काहींनी नाकं मुरडली. सरांनी कौल लावला. उजवी पडली. कुसुमताईला घर मिळालं. त्या दिवशी मीसुद्धा सरांच्या पाया पडले, हे लपवत नाही.

खोली म्हणजे दहा बाय बारा आणि मोरी. पण तिने तिथे संसार मांडला. कारखान्यातल्या आणि गोविंदपुऱ्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायला लागली. सकाळी पाचला गॅस पेटायचा, आठला डबे निघायचे आणि मग ती देवाला अंघोळ घालायची. नऊ वर्षं असं चाललं. बाई कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हसायची मात्र खूप.

बिघडलं ते एका अंगारकीला. गुरुजी आजारी पडले आणि सर नर्मदापुरम रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकले. दीडशे माणसं देवळाबाहेर उभी, चंद्र उगवून बराच वेळ झालेला, उपाशी म्हातारी माणसं पायऱ्यांवर टेकलेली. सरांचा फोन लागेना. शेवटी कुसुमताई हात धुऊन आत गेली, देवाला हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं आणि आरती सुरू केली. काय आवाज लागला होता तिचा! लोकांना फार बरं वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. सर आले तेव्हा प्रसाद वाटणं चाललं होतं. ते फाटकाशी थांबले. त्या दिवशी फाटक उघडायला कोणी धावलं नाही, सगळ्यांच्या हातात शिरा होता.

"कोणाला विचारून?" सरांनी आत आल्यावर तिला विचारलं.

"देवाची वेळ झाली होती सर," ती म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. पण मी सरांचा चेहरा बघितला. नववीत शबानाकडे न बघताना असायचा तोच चेहरा. ज्या भोपाळवर बेगमांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं, त्या गावात राहून या माणसाला एका बाईने निरांजन ओवाळलेलं सोसलं नाही.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. सभागृहामागच्या खोलीत ध्यानकक्ष करायचा ठरलं आहे. येत्या रविवारी सर्वांसमक्ष कौल घेऊन महिन्याभरात खोली रिकामी होईल. कौल अजून लागायचा होता, पण निकाल ग्रुपवर आलाही होता. खाली तेहतीस जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

मी तिरीमिरीत कुसुमताईकडे गेले. ती डब्यांची झाकणं पुसत होती. मी म्हटलं, माझ्याकडे चल, वरची खोली रिकामी आहे. तिने मान हलवली. म्हणाली, तुझ्याकडे मी पाहुणी असेन गं, चार महिने छान वाटेल, मग तुझ्या घरचे माझ्या उठण्याबसण्याच्या वेळा बघतील. अमरावतीला गेले तर भावाच्या घरी पॅसेजमध्ये झोपेन आणि डबे बंद. इथे मी कोणाची कोणी नसून माझी तरी आहे. मग झाकण खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "सुनंदा, तुला एक सांगू? उजवीच पडते."

मला कळेना. तिने मला देवळात नेलं आणि मूर्तीपुढे उभं केलं. देवाचा उजवा खांदा उघडा आहे, गुळगुळीत, रोजच्या अभिषेकाने आणखीच तुकतुकीत झालेला. डाव्या खांद्यावरून शेला सोडलेला आहे, संगमरवरातच कोरलेला, चांगल्या खोल चुण्यांचा. ओली पाकळी त्या चुणीत बसली की बसली. ती म्हणाली, मी रोज हे अंग धुते, डावीकडची फुलं बोटाने काढावी लागतात, उजवीकडची पाण्याबरोबर जातात. अकरा वर्षं आम्ही सगळे त्या शेल्याकडे बघून हात जोडत होतो. कोणालाही दिसला नव्हता.

मी म्हटलं, अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिने देवाच्या पायाशी पडलेलं एक फूल उचललं. "माझी खोलीही त्याच खांद्याने दिली ना," ती म्हणाली.

सर हे जाणून करत होते का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मला नाही तसं वाटत. माझं मत वेगळं होतं. मला पक्कं वाटत होतं की हा माणूस लबाड आहे, आणि तसं वाटण्यात मला मजाही येत होती.

रविवारी अकराला चाळीसेक माणसं जमली. सर सोवळ्यात, लाकडी खुर्चीवर. मंडळाचा सेक्रेटरी निखिल, इथेच जन्मलेला पोरगा, त्याने विषय वाचला. सर उठून गाभाऱ्याकडे निघाले, तेवढ्यात कुसुमताई उभी राहिली. हात पदराशी चाळे करत होते, आवाज मात्र नीट होता.

तिने शेल्याचं सांगितलं. रागाने नाही, घरातला नळ गळतो हे सांगावं तसं. मग सरांना म्हणाली की तुम्ही विचारणार, खोली रिकामी करावी का. त्याऐवजी एकदा विचारून बघा, कुसुमने इथेच राहावं का. तेव्हाही उजवीच पडेल.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. एक निवृत्त इंजिनिअर चष्मा वर करून मूर्तीच्या खांद्याकडे बघायला लागला. सर अजिबात डगमगले नाहीत. "देवाची परीक्षा घ्यायची नसते," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, अहो बाई, तुमचं खरं मानलं तर तुम्हाला ही खोली मिळाली तीही खोटीच.

मला वाटलं, संपलं. आता ही काय बोलणार?

"हो सर. खोटीच," कुसुमताई म्हणाली. "देवाने दिली असं मी नऊ वर्षं धरून चालले, कारण माणसांकडे मागायची लाज वाटत होती. आता मागते. मी इथे राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. नसेल वाटत तर मी महिन्याभरात जाते, कौल लागत नाही त्याला."

मी हात वर केला. निखिलने केला. मग पाठीमागून एक, खिडकीपाशी दोन. बस्स. बाकी सगळे जमिनीकडे बघत होते. माझे यजमानसुद्धा, मी त्यांना कोपराने ढोसलं तर म्हणाले, थांब जरा. पाच हात होते आणि मला इतकी लाज वाटत होती की विचारू नका. निखिल चाचरत म्हणाला, "सर, वोटिंग पूरी तो होने दीजिए." सरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "हे त्याचं घर आहे. त्यालाच विचारतो," एवढं म्हणून ते गाभाऱ्यात गेले.

आमच्याकडे पाठ करून त्यांनी पाकळ्या चिकटवल्या. हात जोडले, डोळे मिटले असावेत. मोठ्याने, स्पष्ट विचारलं, 'ही खोली तुझ्या ध्यानासाठी रिकामी व्हावी का?' आणि थांबले. त्यांची मान थरथरत होती. मी पहिल्यांदाच ती मागून इतका वेळ बघितली. बारीक, सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसाची मान. ते पुटपुटत होते, अगदी मनापासून काहीतरी मागत होते. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस लबाड नाही. त्याचा खरोखर विश्वास होता की वरून कोणीतरी फक्त त्याच्याशीच बोलतं. मला त्याने आणखीच संताप आला. लबाड असते तर कधीतरी ओशाळले तरी असते.

आणि आम्ही सगळे त्या पाकळीकडे बघत होतो. चाळीस माणसं, आणि या वेळी प्रत्येकाला आधीच माहीत होतं. डावी शेल्याच्या चुणीत घट्ट बसली होती. उजवी हलली, थोडी सरकली. तेव्हा तो इंजिनिअर पहिला. त्याने हात वर केला, सावकाश, शाळेतल्या मुलासारखा. मग त्याची बायको. मग माझे यजमान. मग अख्खी ओळ. कापडांची सळसळ तेवढी झाली. पाकळी घसरली आणि देवाच्या पायाशी पडली, तोवर सगळे हात वर होते.

सरांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि तळहातावर घेऊन आमच्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. समोर सगळे हात वर केलेले बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी तसा तो कधीच पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, आम्ही जयजयकाराला उभे आहोत.

"गणपती बाप्पा," ते गरजले.

कोणी बोललं नाही. हातही खाली आले नाहीत. सर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, तळहात तसाच पुढे धरलेला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"मोरया," कुसुमताई एकटीच म्हणाली, देवाकडे बघून. मग ती सरांकडे वळली.

"सर," ती म्हणाली, "हात मोजून घ्या."